उमेदवारी : काल, आज आणि उद्या
(तरुणांच्या व्यवसायशिक्षणासंबंधी एक अभ्यासलेख)



आपल्या संघाचा वार्षिक मेळावा जवळ आला की गुणवंत विद्यार्थ्यांची यादी तयार होते. दहावीत अमुक टक्के, बारावीत तमुक टक्के, पदवी परीक्षेत प्रथम श्रेणी. नावे पुकारली जातात, टाळ्या पडतात, आईबापांचे डोळे पाणावतात. हा सोहळा योग्यच आहे आणि तो दरवर्षी व्हावा. परंतु त्याच सभागृहात मागच्या बाकांवर काही मुले बसलेली असतात. त्यांचे नाव कोणत्याच यादीत नसते. एखादा दहावीत दोन विषयांत राहिलेला असतो, एखादा बी. कॉम. होऊन तीन वर्षे अर्ज लिहीत बसलेला असतो. त्यांच्यासंबंधी आपण काय करतो, या प्रश्नाला आपल्यापैकी कोणापाशी समाधानकारक उत्तर असेल असे मला वाटत नाही. माझ्यापाशी तर नाहीच. म्हणूनच या विषयाचा यथाशक्ती अभ्यास करून तो आपणांपुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

१. षट्कर्मांतील विसरलेले एक कर्म

आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी प्रजेला उपजीविकेची सहा कर्मे शिकविल्याचे वर्णन आहे : असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. या सहांमध्ये उच्चनीच असा भेद नाही. सहाही उपजीविकेची साधने म्हणून एकत्रच सांगितली आहेत. आपल्या भागातील जैन समाजाने कृषी जतन केली, वाणिज्य वाढविले, मसि म्हणजे लेखनकर्म तर पेढीपेढीवर चालू ठेवले. परंतु शिल्प, म्हणजे हाताची कारागिरी, हे आपण दुसऱ्याकडे सोपविले आणि हळूहळू त्याला कमी लेखू लागलो. मुलाच्या लग्नाची बोलणी निघाली की 'मुलगा काय करतो?' हा पहिला प्रश्न येतो. 'फिटर आहे' असे उत्तर आले तर समोरची माणसे एकमेकांकडे पाहतात. 'कचेरीत आहे' म्हटले की चहा पुढे येतो. त्या फिटरचे मासिक उत्पन्न कचेरीतल्या मुलाच्या दुप्पट असले, तरी हिशेबात एरवी इतके तरबेज असलेले आपण लोक हा एवढाच हिशेब करीत नाही.

त्याच पुराणात ऋषभदेवांनी आपल्या कन्यांना विद्या दिल्याची कथा आहे. ब्राह्मीला लिपी शिकविली, सुंदरीला अंक शिकविले. म्हणजे आपल्या परंपरेत अक्षर आणि अंक यांच्या पहिल्या विद्यार्थिनी मुली आहेत. हे येथे सांगण्याचे कारण पुढे येईलच.

२. जुनी उमेदवारी : गुण आणि दोष

पूर्वी पेढीवर मुलगा ठेवावयाचा तो 'उमेदवार' म्हणून. हा शब्द मोठा सुंदर आहे. उमेद बाळगणारा तो उमेदवार. आज निवडणुकीच्या गदारोळात या शब्दाचा मूळ सुगंध लोपला आहे. हा उमेदवार सकाळी गादी झाडी, पाणी भरी, दिवाणजींच्या शेजारी बसून बोरू धरी. आरंभी मोडी वळण, मग कीर्द, मग खतावणी. रात्री रोकड मोजून कीर्दीतील शिल्लक जुळविल्यावाचून दिवा मालवावयाचा नाही, हा नियम. एक पैशाचा फरक असला तरी तो सापडेपर्यंत सगळे बसून राहात. दर्शनी हुंडी कोणती, मुदती कोणती, शहाजोग म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून नव्हे, तर प्रत्यक्ष हुंडी हातात घेऊन कळे. माल पारखणे, भाव बोलणे, उधारी देताना माणूस ओळखणे, ही विद्या तो नजरेने उचली.

या पद्धतीचे तीन मोठे गुण होते. शिक्षण आणि काम यांत अंतर नव्हते. शिकविणारा स्वतः तोच व्यवहार करणारा होता. आणि चूक झाली तर तिची किंमत त्याच दिवशी कळत होती.

परंतु गतकाळाची स्तुती करताना तिचे दोष झाकणे हा खोटा हिशेब होईल. उमेदवारीला मुदत नव्हती. ती दोन वर्षे चाले किंवा दहा. काय शिकवावयाचे हे ठरलेले नव्हते. मालकाची मर्जी हाच अभ्यासक्रम. परीक्षा नव्हती, म्हणून प्रमाणपत्रही नव्हते. एका पेढीवर पाच वर्षे राबलेला मुलगा दुसऱ्या गावी गेला तर पुन्हा केरसुणीपासून आरंभ. बहुधा पगारही नव्हता, आणि असला तरी नाममात्र. शिवाय ही वाट बहुतेक आपल्याच नात्यागोत्यातील मुलांना मोकळी होती. इतरांना नव्हे, आणि मुलींना तर मुळीच नव्हे.

तेव्हा प्रश्न असा आहे : जुन्या उमेदवारीचे गुण ठेवून तिचे दोष दूर करता येतील काय? माझे उत्तर असे की येतील. आणि तसे करून दाखविणारी माणसे आपल्याच परिसरात होऊन गेली आहेत.

३. आपल्या परिसरातील तीन दाखले

पहिला दाखला बडोद्याचा. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यात १८९० साली कलाभवन ही संस्था स्थापन झाली. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे तिचे पहिले प्रमुख. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, सुतारकाम असे विषय तेथे शिकविले जात. शिक्षणाचे माध्यम लोकांच्या भाषेत असावे आणि कारागिराला शास्त्र त्याच्या बोलीत कळावे, हा गज्जरांचा आग्रह होता. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी. १९०७ साली बडोद्यात अलेंबिक हा रासायनिक कारखाना निघाला, त्याच्या संस्थापकांत गज्जर आणि त्यांचे शिष्य होते. म्हणजे प्रयोगशाळेतील धडा एका पिढीच्या आत कारखाना होऊन उभा राहिला. पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाल्यावर कलाभवन त्याच्या तंत्रविद्या शाखेत समाविष्ट झाले.

दुसरा दाखला आपल्या बेळगाव जिल्ह्याचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्थेत ते अध्यापन करीत होते. ते सोडून ते बेळगावी आले आणि भावाबरोबर सायकलींच्या दुकानात लक्ष घालू लागले. त्या दुकानातून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांचा कारखाना जन्मास आला. लोखंडाने जमीन बिघडते या समजुतीमुळे आरंभी शेतकरी नांगर घेईनात. तरी ते चिकाटीने थांबले. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथे तयार कारागीर कोठून येणार? आसपासच्या खेड्यांतील माणसे घेऊन, त्यांना हाताशी धरून, कारखान्यातच शिकवून तयार करावे लागले. माळरानावर कारखान्याबरोबर एक शाळाच चालली होती म्हणा ना. मात्र त्या शाळेला पाटी नव्हती.

तिसरा दाखला आपल्याच समाजाचा. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून त्यांनी शिक्षण घेतले. मात्र मॅट्रिकपर्यंत ते पोहोचले नाहीत. आजच्या भाषेत बोलावयाचे तर आपल्या गुणवंतांच्या यादीत त्यांचे नाव आले नसते! पुढे त्यांनी ओगले काच कारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम केले. त्या फिरतीत खेड्यांचे दारिद्र्य आणि अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. मुलांनी श्रम करावेत, त्यातून शिक्षणाचा खर्च भागवावा, आणि सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, जेवावे, ही त्यांची रीत. 'कमवा आणि शिका' या नावाने ती सर्वतोमुखी झाली. फिरता विक्रेता हा व्यापारातील सामान्य माणूस समजला जातो. पण तोच व्यवसाय करताना एका माणसाने महाराष्ट्राच्या शिक्षणाची दिशा पालटली, हे व्यापाऱ्यांनी कधी विसरू नये.

या तिन्ही दाखल्यांतून तीन धडे निघतात. बडोद्याने शिकविले की कौशल्याला शास्त्राची जोड हवी, आणि ती समजेल अशा भाषेत हवी. किर्लोस्करवाडीने शिकविले की कारागीर मिळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्याने आधी ते घडविण्यास आरंभ करावा. साताऱ्याने शिकविले की श्रमाने विद्येची प्रतिष्ठा कमी होत नाही, उलट वाढते.

४. आज शासनाने काय सोय केली आहे?

स्वातंत्र्यानंतर १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली आणि तिच्यातून आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'आयटीआय', उभ्या राहिल्या. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. वेल्डरचा एक वर्षाचा. बेळगावच्या उद्यमबागेतील ओतकामाचे आणि यंत्रभागांचे कारखाने पाहिले म्हणजे अशा हातांना मागणी का आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

दुसरी सोय १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची. या कायद्यासंबंधी आपल्या व्यापारी वर्गात बरेच गैरसमज आहेत, म्हणून त्यातील मुख्य गोष्टी क्रमाने देतो.

(अ) शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नव्हे, तर शिकणारा आहे. त्याच्याशी लेखी करार करावा लागतो आणि त्या कराराची नोंदणी व्हावी लागते.

(आ) वय किमान १४ वर्षे पूर्ण असावे. धोक्याच्या उद्योगांत १८.

(इ) २०१९ च्या दुरुस्त नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर उमेदवार घेण्याचे बंधन आहे. ४ ते २९ माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे. उमेदवारांची संख्या एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के असावी लागते.

(ई) उमेदवाराला दरमहा विद्यावेतन द्यावे लागते, आणि त्याची किमान रक्कम त्याच्या शिक्षणाप्रमाणे ठरलेली असते. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेने या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकारने उचलण्याची तरतूद केली.

(उ) काम करताना उमेदवाराला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते.

(ऊ) मुदत संपल्यावर उमेदवाराला नोकरीवर ठेवलेच पाहिजे असे नाही. करारात तसे कलम असेल तरच ते बंधन येते. 'एकदा घेतला की गळ्यात पडला' ही भीती त्यामुळे निराधार आहे.

(ए) सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की कायद्याच्या आठव्या कलमात अनेक मालकांनी एकत्र येऊन, उमेदवारांना आळीपाळीने एकमेकांच्या आस्थापनांत पाठवून, प्रात्यक्षिक शिक्षण देण्याची मुभा आहे. ही तरतूद जणू आपल्यासारख्या संघांसाठीच लिहिली आहे.

याबरोबरच दुसऱ्या एका कायद्याचे स्मरण ठेवावे. बालकामगार प्रतिबंधक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला लावण्यास मनाई केली आहे. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर हातभार लावण्यापुरता अपवाद आहे, पण तो घरच्याच मुलापुरता. 'शेजारच्या गरिबाचा पोरगा आहे, शिकेल' हे निमित्त आता चालणार नाही, आणि ते चालूही नये.

इतक्या सोयी असून स्थिती काय आहे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतील एक अंदाज उद्धृत केला आहे. त्याप्रमाणे १९ ते २४ वयाच्या भारतीय काम करणाऱ्यांपैकी रीतसर व्यवसायशिक्षण मिळालेल्यांचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी होते. अमेरिकेत ते ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते. बाकीच्या मुलांनी काम शिकलेच नाही असा याचा अर्थ नव्हे. ती कोठेतरी, कोणाच्या तरी हाताखाली, अर्धवट शिकली. त्यांच्यापाशी दाखविण्यासारखे काही नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे आपली जुनी उमेदवारी आपल्या दोषांसह अजून चालूच आहे.

५. जर्मनीतील व्यापारी मंडळांचे उदाहरण

जर्मनीचे नाव वर आलेच आहे, तर तेथील रीत थोडक्यात सांगतो. कारण तीत व्यापाऱ्यांचा वाटा मोठा आहे. तेथे व्यवसाय शिकणारा मुलगा आठवड्याचे तीनचार दिवस कारखान्यात वा दुकानात काम शिकतो आणि एकदोन दिवस व्यवसायशाळेत जातो. अभ्यासक्रम साधारणतः तीन ते साडेतीन वर्षांचा असतो. १९६९ च्या कायद्याने या पद्धतीला देशभर एकसूत्रीपणा आणला. यातील दोन गोष्टी आपण विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत.

पहिली अशी की दुकानदारी हीसुद्धा तेथे रीतसर शिकण्याची विद्या मानली जाते. विक्रेत्याचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि किरकोळ व्यापाऱ्याचा तीन वर्षांचा आहे. दुसरी अशी की अंतिम परीक्षा शाळा घेत नाही. ती उद्योग आणि व्यापार मंडळ घेते. परीक्षक मंडळात मालक, कामगार आणि शिक्षक असे तिघेही असतात. व्यापाऱ्यांच्या संस्थेने प्रमाणपत्र दिले की देशातील कोणताही व्यापारी त्यावर विश्वास ठेवतो. आपल्या संघाची शक्ती आपण वार्षिक सहल, सत्कार आणि कर भरण्याच्या तक्रारी यांतच खर्चितो. परीक्षा घेण्याचा अधिकार कोणी आपल्याला देण्याची वाट न पाहता, निदान आपल्या सभासदांपुरता तो आपण आपल्याकडे घेऊ शकतो.

६. एका दुकानाचा कबुलीजबाब

येथपर्यंत मी दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. आता स्वतःची सांगतो, कारण तिच्यावाचून हा लेख म्हणजे परोपदेश ठरेल.

माझ्या कापडदुकानात एक मुलगा होता. दहावीत नापास होऊन तो सोळाव्या वर्षी आला. मुलगा विश्वासू, नम्र, वेळेला पक्का. सहा वर्षांत त्याने एक दिवस उशीर केल्याचे मला आठवत नाही. मी त्याला वेळच्या वेळी पगार दिला, दिवाळीला कपडे दिले, आजारपणात औषध दिले. आणि मी चांगला मालक आहे असे मनाशी मानून राहिलो. एके दिवशी त्याची आई दुकानात आली. पोराच्या लग्नाचे पाहात होती. ती म्हणाली, "अण्णा, लोक विचारतात पोराला काय येतं म्हणून. मी काय सांगू?"

मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि थांबलो. त्याला काय येत होते? गाठोडी उचलणे, थाने उलगडणे, ती पुन्हा घडी करणे, चहा सांगणे, शटर ओढणे. सुताचा काउंट काय, कोणते कापड किती आटते, माल कोठून आणि काय भावाने येतो, वस्तू व सेवा कराचे विवरण कसे भरतात, यांतले काहीही मी त्याला शिकविले नव्हते. खरेदीची वही तर मी त्याच्या नजरेपासून मुद्दाम दूर ठेवीत असे. उद्या हा शेजारी दुकान घालील, ही भीती माझ्या मनात होती, हे आज मान्य केले पाहिजे. मी त्या माउलीला म्हणालो, "अक्का, पोरगं प्रामाणिक आहे असं सांगा." ती म्हणाली, "ते तर तो घरनंच घेऊन आला होता, अण्णा."

बंधूंनो, या वाक्याचे उत्तर मला आजवर सापडलेले नाही. आपल्या धर्मात अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत 'अतिभारारोपण' सांगितले आहे : प्राण्यावर शक्तीबाहेर ओझे लादणे. मी त्याच्यावर फाजील ओझे लादले नाही. परंतु सहा वर्षे एका तरुणाच्या उमेदीचा उपयोग करून घ्यावयाचा आणि तिला काहीच वळण द्यावयाचे नाही, हा दोष कोणत्या सदरात घालावा? तो मुलगा पुढे माल वाहण्याचा टेंपो चालवू लागला. वाटेत भेटला तर आजही गाडी थांबवून नमस्कार करतो. त्या नमस्काराने मला बरे वाटत नाही.

त्यानंतर आलेल्या मुलाला मी पहिल्याच दिवशी एक कोरी वही दिली. दर शनिवारी दुकान बंद झाल्यावर अर्धा तास त्याने आठवड्यात काय शिकले ते लिहावयाचे आणि मी त्याखाली सही करावयाची. दोन वर्षांत ती वही भरली. तो मुलगा आता दुसऱ्या गावी एका मोठ्या दुकानाचा हिशेब सांभाळतो. त्याने शेजारी दुकान घातले नाही. आणि घातले असते तरी पेठ वाढली असती, माझे दुकान बुडाले नसते.

७. संघाने करावयाच्या गोष्टी

वरील विवेचनावरून पुढील सूचना करतो. त्या खर्चिक नाहीत.

१. संघाने 'उमेदवारी समिती' नेमावी. जे सभासद उमेदवार घेण्यास तयार असतील त्यांची आणि शिकू इच्छिणाऱ्या तरुणांची नोंद या समितीने ठेवावी. कायद्याच्या कक्षेत बसणाऱ्या सभासदांचे करार आणि नोंदणी रीतसर करून द्यावी. एकट्या दुकानदाराला या कागदपत्रांचीच धास्ती वाटते.

२. दुकानातील शिक्षणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम छापावा. पहिल्या तिमाहीत माल ओळखणे, साठ्याची मोजदाद, वजनमापे आणि त्यांची तपासणी. दुसऱ्या तिमाहीत विक्री, बिल, गिऱ्हाइकाशी बोलणे आणि परत आलेल्या मालाचा निकाल. तिसऱ्या तिमाहीत कीर्दखतावणी, संगणकावरील हिशेब, बँकेचे पुस्तक जुळविणे, कराचे विवरण. चौथ्या तिमाहीत खरेदी, भाव काढणे, उधारी आणि वसुली. शेवटचा भाग शिकविण्यास आपले हात अडखळतील. पण तोच खरा व्यापार आहे.

३. आठवड्यातून एक अर्धा दिवस उमेदवाराला सुटी द्यावी आणि संघाच्या सभागृहात वर्ग भरवावा. हिशेबनीस, बँकेतील निवृत्त अधिकारी, जुने व्यापारी यांनी तेथे शिकवावे. सीमाभागात धंदा करणाऱ्याला मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत बोलता, वाचता आणि बिल लिहिता आले पाहिजे. हा या वर्गाचा एक विषयच असावा. गिऱ्हाइकाची भाषा बोलणे यात अभिमान सोडण्यासारखे काही नाही.

४. वर्षाअखेर संघाने परीक्षा घ्यावी. परीक्षक दुसऱ्या दुकानाचे असावेत; स्वतःच्या उमेदवाराला कोणी गुण देऊ नयेत. उत्तीर्ण झालेल्यास प्रमाणपत्र द्यावे, आणि ते वार्षिक मेळाव्यात, गुणवंतांच्याच व्यासपीठावर द्यावे.

५. शिष्यवृत्तीच्या निधीपैकी निम्मा भाग आयटीआय, पदविका आणि उमेदवारी यांसाठी राखून ठेवावा. आपल्या समाजाचा या बाबतीतील वारसा मोठा आहे. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या प्रेरणेने बोर्डिंगे निघाली आणि खेड्यातली मुले शहरात शिकली. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली निघाले आणि पुढे त्यास वालचंद हिराचंदांचे नाव लाभले. अभियंता घडावा म्हणून आपण हात सैल सोडला. त्या अभियंत्याचे काम प्रत्यक्ष उतरविणाऱ्या कारागिरासाठी तोच हात आवळून का धरावा?

६. मुलींना या योजनेत प्रथमपासून स्थान असावे. आपल्या घरांतील कित्येक मुली बी. कॉम., एम. कॉम. झालेल्या आहेत आणि वडिलांच्या दुकानाचा हिशेब पगारी मुनीम लिहितो आहे! सुंदरीला अंक शिकविणाऱ्यांचे वंशज म्हणविणाऱ्यांनी आपल्या कन्येला खतावणी दाखविण्यास संकोच करू नये.

७. उमेदवार केवळ आपल्याच समाजाचा असावा असा नियम करू नये. कर्मवीरांनी वसतिगृहात जो भेद मोडला तो आपण दुकानात पुन्हा उभा करणे शोभणार नाही.

८. समारोप

समाज विकसनशील आहे असे आपण म्हणतो. परंतु विकास हा इमारतींच्या उंचीवरून किंवा उलाढालीच्या आकड्यांवरून मोजता येत नाही. काल ज्याला काही येत नव्हते त्याला आज काय येऊ लागले, हेच त्याचे खरे माप होय. पैसा दिला तर तो देणाऱ्याकडून कमी होतो. विद्या दिली तर ती दोघांकडेही राहते. व्यापारात असा सौदा दुसरा नाही, आणि तरीही हाच सौदा करण्यास आपण कचरतो.

प्रत्येक सभासदाने आज घरी जाऊन आपल्या दुकानातील सर्वांत लहान नोकराकडे पाहावे आणि स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हा मुलगा उद्या माझे दुकान सोडून गेला, तर येथून काय घेऊन जाईल? उत्तर समाधानकारक असेल तर त्या सभासदाने पुढील वर्षी या स्मरणिकेत लेख लिहावा. आम्ही तो आदराने वाचू. उत्तर समाधानकारक नसेल, तर वह्या स्वस्त आहेत आणि पुढचा शनिवार दूर नाही.